तीस इंच कठडा

कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रात मासे मारावयास जाणे हा पोटाचा उद्योग आहे. ज्याचा हा उद्योग नाही त्याने पदरचे पैसे मोजून अपरात्री उठावे, किनारा दिसेनासा होईपर्यंत बोटीतून जावे, दिवसभर लाटांचे हेलकावे खावे आणि संध्याकाळी चार मासे घेऊन घरी परतावे, ही कल्पना तेथील नाखव्याला थोडी गमतीची वाटेल. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र ही हौस शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली आहे. आणि विशेष हे की, ती केवळ श्रीमंतांची हौस नाही. स्वतःची नौका बाळगणाऱ्या धनिकाची गोष्ट वेगळी. पण ज्याच्यापाशी नौका नाही आणि ती भाड्याने घेण्याइतका पैसाही नाही, अशा कारखान्यातल्या कामगाराला, कारकुनाला, बसचालकाला खोल समुद्राचे दार उघडे राहिले ते एका साध्या युक्तीमुळे. ती युक्ती म्हणजे पार्टी बोट.

या नावाने थोडी फसगत होते. येथे पार्टी म्हणजे मेजवानी नव्हे. पार्टी म्हणजे मंडळी, एकत्र जमलेला गट. दहापाच मित्रांनी मिळून अख्खी बोट दिवसाच्या बोलीने घेतली तर तिला चार्टर बोट म्हणतात. पार्टी बोटीवर एकमेकांना न ओळखणारी वीस, चाळीस, साठ माणसे माणशी ठरलेले भाडे देऊन चढतात. म्हणूनच तिला हेड बोट असेही म्हणतात. डोई मोजून पैसे घेणारी बोट. आपल्याकडे गावोगाव धावणाऱ्या वडापाच्या गाडीचे जे तत्त्व, तेच हिचे. आणि त्या गाडीचा जो दोष, तो हिच्यातही शिरू शकतो, हे पुढे दिसेलच.

अशा बोटीवरील दिवस कसा जातो ते पाहण्याजोगे आहे. न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला शीप्सहेड बे नावाची खाडी आहे. लाँग आयलंड या लांबट बेटाच्या किनाऱ्याने कॅपट्री, आणि अगदी पूर्व टोकाला मोंटॉक, अशी या धंद्याची जुनी बंदरे आहेत. उजाडण्यापूर्वीच माणसे धक्क्यावर येऊन उभी राहतात. भाड्यात गळाला लावावयाचे आमिष येते. बहुधा ते माकुळाचे तुकडे किंवा शिंपल्यांतील मांस असते. ज्याच्यापाशी काठी नसेल त्याला थोडे अधिक पैसे देऊन तीही मिळते. बोट तास-दोन तास चालते आणि कप्तान प्रतिध्वनी-यंत्राच्या साहाय्याने तळाचा अंदाज घेत एखाद्या जागी थांबतो. ही जागा म्हणजे पुष्कळदा एखाद्या बुडालेल्या जहाजाचा सांगाडा असतो. न्यूयॉर्कच्या आसपासचा समुद्रतळ बराचसा सपाट आणि वाळूचा. त्यामुळे अशा सांगाड्यांभोवती, खडकांभोवती मासे आसरा शोधतात आणि माशांच्या मागोमाग बोटी येतात.

मग शिशाचा गोळा लावलेली दोरी खाली सोडावयाची. गोळा तळाला टेकला की हाताला एक हलकीशी थाप जाणवते. त्यानंतर वाट पाहणे. उन्हाळ्यात पोर्गी आणि काळा सी बास मिळतो, वाळूवर फ्लूक मिळतो. हा फ्लूक आपल्या लेपीसारखा चपटा मासा. त्याचे दोन्ही डोळे डोक्याच्या एकाच बाजूला असतात आणि तो वाळूत अंग पुरून भक्ष्याची वाट पाहत पडलेला असतो. थंडीत कॉड. ब्लूफिश नावाच्या अत्यंत खादाड माशांचा थवा एकदा बोटीखाली आला, तर पंधरावीस मिनिटे कोणालाच उसंत मिळत नाही. वीस-तीस दोऱ्या एकाच वेळी ताणल्या जातात, एकमेकींत गुरफटतात, आणि बोटीवरचा खलाशी एका हातात चाकू घेऊन शांतपणे हा गुंता सोडवीत फिरत असतो. पार्टी बोटीवरील खलाशाइतका सहनशील माणूस विरळाच. नवख्याच्या गळाला आमिष लावून देणे, वर आलेला मासा जाळीत घेणे, ज्याला समुद्र लागला आहे त्याला वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या कठड्याशी नेऊन उभे करणे, आणि परतीच्या वाटेवर सर्वांचे मासे साफ करून देणे, ही सारी कामे त्याचीच. वेतनापेक्षा बक्षिसीवर त्याची भिस्त अधिक.

बोटीवर एक छोटासा जुगारही चालतो. निघताना इच्छुकांनी थोडे थोडे डॉलर एका डब्यात टाकावयाचे आणि दिवसातील सर्वांत मोठा मासा ज्याला मिळेल त्याने तो डबा न्यावयाचा. वरवर पाहता हे नशिबाचे काम. पण नियमाने जाणारे लोक जाणतात की, नशीब बरेचसे कठड्यावरील जागेवर अवलंबून असते. बोट नांगरावर असेल तर प्रवाह आमिषाचा वास मागच्या दिशेने वाहून नेतो; म्हणून मागच्या टोकाची जागा उत्तम. बोट वाऱ्याबरोबर वाहत असेल तर एका बाजूच्या दोऱ्या मोकळ्या सुटतात आणि दुसऱ्या बाजूच्या बोटीखाली ओढल्या जातात. त्यामुळे मागच्या टोकाला आपली काठी बांधून जागा धरण्यासाठी माणसे बोट सुटण्याच्या दोनदोन तास आधी येतात. या साऱ्या उद्योगातील खरी मालमत्ता म्हणजे मासा नव्हे, बोट नव्हे. कठड्याचा एक तुकडा. त्या तुकड्यासाठी १९५१ साली माणसे धावत सुटली होती, आणि पुढची हकीकत तेथूनच सुरू होते.

मोंटॉक हे गाव न्यूयॉर्क शहरापासून शंभरावर मैल दूर आहे. बेटाच्या शेवटच्या टेकाडावर १७९६ साली पूर्ण झालेला दीपस्तंभ उभा आहे. त्याच्या पलीकडे एका बाजूस ब्लॉक आयलंडची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या बाजूस उघडा अटलांटिक. दोन पाण्यांच्या या संगमावर मासे विपुल; पण भरती-ओहोटीचे प्रवाहही जबरदस्त. ओहोटीचे पाणी सामुद्रधुनीतून बाहेर पडत असताना वारा समोरून आला तर लाटा उंच तर होतातच, शिवाय त्या उभ्या आणि एकीला लागून एक अशा येतात. बोटीला उंच लाटेपेक्षा उभी लाट अधिक वाईट.

शहरातील कष्टकऱ्यांना तेथवर नेण्यासाठी लाँग आयलंड रेलवे सुट्टीच्या दिवसांत एक खास गाडी सोडीत असे. तिचे नावच मुळी ‘फिशरमन्स स्पेशल’. पहाटेपूर्वी शहरातून निघालेली ही गाडी सकाळी मोंटॉकच्या स्थानकात येई. स्थानकालगतच फोर्ट पाँड बे या उपसागराचा धक्का होता. दुसऱ्या महायुद्धात तो आरमाराने वापरला. युद्धानंतर तेथे ‘फिशँग्रिला’ या मजेदार नावाने मासेमारीच्या बोटींचा तळ सुरू झाला. गाडी थांबते न थांबते तोच दारांतून, काही वेळा खिडक्यांतूनही, माणसे उड्या टाकीत आणि काठ्या सावरीत धक्क्याकडे धावत. जी बोट समोर दिसेल आणि ज्या बोटीवर जागा उरली असेल असे वाटेल, तिच्यावर चढत. तिकीट-खिडकी नव्हती, नावांची यादी नव्हती. भाडे बोटीवर गेल्यावर द्यावयाचे.

शनिवार, १ सप्टेंबर १९५१. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी होती आणि उन्हाळ्याचा हा शेवटचा मोठा सप्ताहान्त. गाडी भरून आली. ‘पेलिकन’ नावाची ४२ फूट लांबीची लाकडी बोट सकाळी साडेसातच्या सुमारास धक्क्यावरून सुटली तेव्हा तिच्यावर ६२ उतारू होते. कप्तान आणि त्याचा सोबती धरून ६४ माणसे. दीपस्तंभाला वळसा घालून बोट उघड्या समुद्रावर गेली. दिवस चढू लागला तसा समुद्र खवळू लागला; बऱ्याच उतारूंना उलट्या होऊ लागल्या. साडेअकराच्या सुमारास कप्तानाने परत फिरण्याचे ठरविले. पण बोटीच्या दोन इंजिनांपैकी एक नीट चालेना. वारा ईशान्येकडून वाढत होता, ओहोटी त्याला सामोरी येत होती, आणि एका इंजिनावर ही गजबजलेली बोट इंचाइंचाने दीपस्तंभाकडे सरकत होती. जे अंतर सकाळी सहज कापले होते त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

दुपारी दोनच्या सुमारास बोट टोकाला वळसा घालीत असता उजव्या बाजूने, मागच्या अंगाने, पाठोपाठ दोन मोठ्या लाटा आल्या. पहिलीने बोट डावीकडे कलली. डेकवर उभी असलेली माणसे त्या उतारावरून डावीकडे गेली. ती पुन्हा सावरतात तोच दुसरी लाट आली आणि बोट पालथी झाली. जे डेकवर होते ते पाण्यात फेकले गेले. जे थंडीवाऱ्याला कंटाळून केबिनमध्ये शिरले होते ते आतच अडकले. दीपस्तंभ तेथून जेमतेम मैलभर. जवळपासच्या मासेमारीच्या बोटी धावून आल्या आणि त्यांनी जिवंत सापडतील तेवढी माणसे वर ओढली. ६४ पैकी १९ वाचली. ४५ बुडाली, त्यांत कप्तानही होता.

मराठी वाचकाला येथे १७ जुलै १९४७ चा दिवस आठवल्यावाचून राहणार नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ती आगबोट, ही छोटी मोटरबोट. ती गावी जाणाऱ्या माणसांची, ही हौसेची. पण लाटेने बोट कलताच माणसे एका अंगाला लोटली गेली आणि बोट सावरू शकली नाही, असे जे वर्णन ‘रामदास’विषयी अजून सांगितले जाते, ते ‘पेलिकन’लाही तंतोतंत लागू पडते.

अपघातानंतर तटरक्षक दलाची चौकशी झाली. ‘पेलिकन’वर तिला झेपतील त्याच्या साधारण दुपटीने माणसे होती, हे तीत स्पष्ट झाले. परंतु त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, इतकी माणसे घेण्यास कायद्याची आडकाठीच नव्हती. ६२ ऐवजी ८२ घेतली असती तरी ‘संख्या अधिक झाली’ असे म्हणण्यास आधार सापडला नसता.

हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी जहाजांच्या टनाची भानगड थोडी उलगडावी लागेल. ‘पेलिकन’ १४ टनांची होती असे म्हणतात तेव्हा ते तिचे वजन नव्हे. जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे १०० घनफूट म्हणजे एक टन, असे हे जुने आकारमानाचे माप आहे. व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी आणि करांच्या आकारणीसाठी ते रूढ झाले. त्या काळच्या अमेरिकन कायद्याने उतारू नेणाऱ्या मोटरबोटींची सरकारी तपासणी सक्तीची केली होती ती १५ टनांवरच्या बोटींना. त्याखालच्या बोटींना १९४० चा मोटरबोट कायदा लागू असे. चालकापाशी परवाना हवा, माणशी एक तरण-साधन हवे, आग विझविण्याची सामग्री हवी; पण बोटीची बांधणी तपासणारा कोणी नाही आणि उतारूंच्या संख्येला मर्यादा नाही. परिणामी १४ टनांच्या बोटीवर साठ माणसे जाऊ शकत आणि कोणत्याही कचेरीतील कोणत्याही कागदावर त्याची नोंद नसे. मापाची रेषा कोठेतरी आखावीच लागते, हे खरे. पण बोटीच्या आकाराने आखलेली रेषा तिच्यावर माणसे किती आहेत हे सांगू शकत नाही. कायदा बोट मोजीत होता. मोजावयास हवी होती माणसे.

माणसांच्या संख्येने बोट का उलटते? केवळ वजनाने नव्हे. तेवढ्याच वजनाचा बर्फ किंवा मासे तळाच्या कप्प्यात भरले असते तर बोट खोल बसली असती, मंद झाली असती, पण बहुधा स्थिर राहिली असती. उभ्या माणसाचे वजन मात्र डेकच्याही वर तीन फुटांवर असते. बोट लाटेने कलली की बुडालेल्या बाजूचे पाणी तिला वर ढकलून पुन्हा सरळ करू पाहते, आणि वरचे वजन तिला आणखी खाली ओढू पाहते. या ओढाताणीत वजन जितके उंच तितका बोटीचा पक्ष दुबळा. त्यातही हे वजन हलते असते. मालाची पोती बांधून ठेवता येतात. माणसांना बांधता येत नाही. पार्टी बोटीवर तर माणसे कठड्याशीच उभी असावयाची, म्हणजे मध्यरेषेपासून शक्य तितकी दूर. एखाद्याला मोठा मासा लागला की शेजारचे पाहावयास जमतात; लाट आली की सर्वजण एका बाजूला जातात. बोट बुडविण्यास जे जे आवश्यक ते ते या हौसेच्या स्वरूपातच आहे. म्हणून बेपर्वाईचे खापर बुडालेल्या कप्तानावर फोडून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. त्या धक्क्यावर त्या सकाळी जो कप्तान उतारूंना ‘पुरे’ म्हणाला असता, त्याचे उतारू शेजारच्या बोटीवर चढले असते. इंधन, आमिष, धक्क्याचे भाडे हे खर्च वीस माणसांना जितके, तितकेच साठांना. चाळिसावा माणूस निव्वळ नफा असतो. तो नफा नाकारण्याचे बळ एकट्या माणसाच्या सदसद्विवेकात क्वचितच असते. ते सर्वांना सारख्याच लागू असलेल्या नियमात असते.

तो नियम यावयास पावणेपाच वर्षे लागली. मे १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि टनांची रेषा बाजूस सारून नवी रेषा आखली. भाडे देणारे सहाहून अधिक उतारू नेणारी बोट, मग ती कितीही लहान असो, तपासणीस पात्र. सहापर्यंत नेणाऱ्या लहान बोटीला परवानाधारक कप्तान पुरे. तिला तेथील लोक गमतीने ‘सिक्स-पॅक’ म्हणतात. सातवा उतारू चढला की सरकार बोटीवर चढते.

या कायद्याखाली वेळोवेळी जे तपशीलवार नियम झाले ते वाचताना सामान्य माणसाला कंटाळा येईल. परंतु त्यांतील एका नियमात पार्टी बोटीचे सारे मर्म आहे. बोटीवर किती माणसे घ्यावयाची हे ठरविण्याच्या रीती तीन. बसावयास पक्के बाक असतील तर माणशी १८ इंच. डेकच्या क्षेत्रफळाने मोजावयाचे तर माणशी १० चौरस फूट. आणि कठड्याच्या लांबीने मोजावयाचे तर माणशी ३० इंच. कठड्याशी उभ्या राहणाऱ्या मासेमाराला हे तिसरे माप शोभून दिसते. ‘पेलिकन’ला ते लावून पाहावे. तिच्या दोन्ही बाजू नाळेच्या टोकापासून धरल्या तरी ८४ फूट होतात. मागची बाजू उदारपणे पंधरा फूट मानली तरी बेरीज शंभराच्या आत. म्हणजे चाळिसांहून कमी माणसे. आणि हे बोटीची एक इंचही कड न सोडता. प्रत्यक्षात नाळेवर आणि केबिनच्या अरुंद बगलेत उभे राहून मासे मारता येत नाहीत. ६२ जणांना त्या सकाळी माणशी वीस इंच कठडाही नव्हता.

शिवाय तीस इंचांचा हिशेब जमला म्हणजे झाले असे नाही. तेवढी माणसे घेऊन बोट स्थिर राहते काय, याची स्वतंत्र परीक्षा होते. तिची साधी रीत अशी. बोट शांत पाण्यात बांधावयाची, उतारूंच्या वजनाइतकी वजने तिच्यावर माणसांच्या उंचीचा विचार करून मांडावयाची, मग ती एका बाजूला सरकवावयाची आणि बोट किती कलते, कड पाण्यापासून किती उंच उरते हे मोजावयाचे. जी संख्या या परीक्षेत उतरेल ती प्रमाणपत्रावर लिहिली जाते आणि ते प्रमाणपत्र बोटीवर उतारूंच्या नजरेस पडेल असे लावावे लागते. खाऱ्या पाण्यात चालणारी बोट ठराविक मुदतीने पाण्याबाहेर काढून तिचा तळ तपासतात. सुटण्यापूर्वी माणसे मोजावयाची, मोजलेली संख्या किनाऱ्यावर कळवून ठेवावयाची आणि तरण-साधने कोठे आहेत हे उतारूंना सांगावयाचे. सकाळच्या घाईत खलाशी हे पाठ केलेले भाषण करीत असतो आणि बहुतेक उतारू आमिषाकडे पाहत असतात.

पण परीक्षेत वजने मांडावयाची तर एका माणसाचे वजन किती धरावे? हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कित्येक वर्षे सरासरी १६० पौंड, म्हणजे सुमारे ७३ किलो, धरले जाई. आडोशाच्या पाण्यात चालणाऱ्या काही बोटींना तर १४० पौंडच. नियम कागदावर जागच्या जागी राहिला. माणसे मात्र पिढीगणिक वजनदार होत गेली. २ ऑक्टोबर २००५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज या सरोवरात ‘ईथन ॲलन’ नावाची सहलीची बोट स्वच्छ उन्हात, जवळजवळ निश्चल पाण्यात उलटली आणि ४७ वृद्ध प्रवाशांपैकी २० दगावले. तिच्यावर माणसे परवान्याच्या मर्यादेतच होती. मर्यादा ठरविली होती ती १४० पौंडांच्या माणसाला धरून, आणि शिवाय नंतर तिच्यावर वजनदार छत चढविले होते. चौकशीअंती असे दिसले की, खऱ्या वजनाच्या हिशेबाने त्या बोटीने चौदाच माणसे न्यावयास हवी होती. त्यानंतर तटरक्षक दलाने आपल्या अखत्यारीतील बोटींसाठी हे माप १६० वरून १८५ पौंडांवर, म्हणजे सुमारे ८४ किलोंवर नेले. डिसेंबर २०११ पासून ते लागू झाले. पुष्कळ बोटवाल्यांची उतारूसंख्या त्यामुळे घटली आणि कुरकुर झाली. ती कुरकुर खोटी नव्हती. बोट तीच, इंजिन तेच, समुद्र तोच; एका रात्रीत दहा भाडी कमी कशी, असे धंदेवाल्याला वाटणारच.

अलीकडे या बोटी पूर्वीपेक्षा फार दूर जातात. न्यूयॉर्कपासून सुमारे शंभर मैलांवर, जेथे खंडाची पायरी संपून समुद्रतळ एकदम खोल उतरतो, तेथे हडसन नदीच्या रोखाने एक प्रचंड घळ पाण्याखाली गेलेली आहे. तिच्या कडांवर रात्री कुपा जातीचे मोठे मासे येतात. शेसहाशे फुटांवरच्या चिखलात बिळे करून राहणारा टाइलफिशही तेथे मिळतो. अशा सफरी एक-दोन रात्रींच्या असतात. उतारू डेकखालच्या फळ्यांवर एकावर एक झोपतात. येथे धोक्याचे रूप पालटते. २ सप्टेंबर २०१९ रोजी, पुन्हा कामगार दिनाच्याच सुट्टीत, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘कन्सेप्शन’ या पाणबुड्या हौशांच्या बोटीला पहाटे आग लागली आणि डेकखाली झोपलेली ३४ माणसे बाहेर पडू शकली नाहीत. ती बोट मासेमारीची नव्हती, पण छोट्या उतारू-बोटींच्या त्याच नियमांखालची होती. रात्री एकाने जागे राहून फेऱ्या घालाव्यात, अशी अट तिच्या प्रमाणपत्रात लिहिलेली होती. त्या रात्री कोणी जागे नव्हते. संख्येच्या नियमाचा एक गुण असा की, तो धक्क्यावर उभे राहूनही तपासता येतो. जागरणाचा नियम तपासण्यास जागरणच करावे लागते.

समुद्राच्या बाजूनेही मोजदाद आता आली आहे. १९७६ च्या मत्स्यसंवर्धन कायद्यापासून कोणता मासा कोणत्या महिन्यांत, माणशी किती आणि किती इंचांहून लांब असेल तर ठेवावयाचा, हे ठरविले जाते. खलाशापाशी मोजपट्टी असते. अर्ध्या इंचाने आखूड ठरलेला फ्लूक पाण्यात परत जातो आणि पकडणारा त्याच्याकडे पाहत राहतो. कप्तान मंडळींचा राग उतारूंच्या संख्येपेक्षा हल्ली या मापांवर अधिक. मोठ्या व्यापारी जाळ्यांनी समुद्र खरवडावा आणि गळाने चार मासे धरणाऱ्याला पट्टी लावावी, हा त्यांचा आक्षेप; त्यात तथ्यांश आहे. परंतु हौशी गळ लाखोंच्या संख्येने असले म्हणजे त्यांचीही बेरीज होते, हेही खरे.

मोंटॉकचे रेलवे स्थानक अद्याप फोर्ट पाँड बेजवळच्या आपल्या जागी आहे. फिशरमन्स स्पेशल आता सुटत नाही, फिशँग्रिलाही उरलेले नाही. पार्टी बोटी आता लेक मोंटॉक या दुसऱ्या बंदरातून सुटतात. एके काळी हे गोड्या पाण्याचे तळे होते. १९२७ च्या सुमारास वाळूची भिंत फोडून ते समुद्राला जोडले. ते स्थानकापासून काही मैल दूर आहे, त्यामुळे गाडीतून उतरून कोणी बोटीकडे धावत नाही. जागा आधी राखून ठेवता येते. माणसे मोटारी उभ्या करून काळोखात रांगेने फळीवरून चढतात, आणि फळीच्या टोकाशी उभा असलेला खलाशी प्रत्येकाच्या खांद्याकडे बोट दाखवीत ओठांतल्या ओठांत आकडा पुढे नेतो. मागच्या टोकाच्या कठड्याला तोवर पाचसहा काठ्या बांधून झालेल्या असतात.